कॉर्क, गॉलवे की वॉटरफर्ड? आयर्लंडात खाण्यासाठी जायचं तर कुठे

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून तिन्ही गावांच्या गाड्या सुटतात. कॉर्क आणि गॉलवेला साधारण अडीच तास लागतात, वॉटरफर्डला थोडे कमी. डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला जायला घेते त्याहून कमीच. त्यामुळे भारतातून आलेले पाहुणे डब्लिन बघून झालं की हमखास विचारतात, "तीन दिवस हातात आहेत, कुठे जाऊ?" आणि पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, "तिकडे खायला काय मिळतं गं?"

मी डब्लिनमध्ये आठ वर्षं राहतेय आणि ही तिन्ही गावं वेगवेगळ्या पाहुण्यांबरोबर, वेगवेगळ्या ऋतूंत पालथी घातली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्यांदाच येत असाल किंवा बरोबर एखादं शाकाहारी माणूस असेल, तर कॉर्क. मासेखाऊ असाल आणि सप्टेंबर ते एप्रिलमध्ये येत असाल, तर गॉलवे. गर्दीचा कंटाळा असेल, मुलं बरोबर असतील, सायकल चालवता येत असेल, तर वॉटरफर्ड. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण या गावांत ताटात काय येतं हे बघताना ते तिथे का आलं हेही कळलं, तर घास वेगळा लागतो. तेवढ्यासाठी पुढचं.

आयर्लंडचं खाणं म्हणजे बटाटा आणि काळी बिअर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हा देश शेकडो वर्षं गुरं, लोणी, डुकराचं मांस आणि धान्य बाहेर पाठवत आला. बंदरांच्या गावांत जे चांगलं होतं ते पिंपांत भरून जहाजावर चढलं आणि जे उरलं ते गावाच्या चुलीवर आलं. तिन्ही गावं बंदरं, तिन्हींची 'खास' म्हणून मिरवली जाणारी डिश मुळात उरल्यासुरल्याची किंवा गरिबाची. फक्त प्रत्येकाचं उरणं वेगळं.

कॉर्क, आधी बाजार

कॉर्कमध्ये उतरल्यावर आधी हॉटेलात सामान टाका आणि थेट इंग्लिश मार्केटला जा. १७८८ सालापासूनचा हा छपराखालचा बाजार. आपल्या क्रॉफर्ड मार्केटपेक्षा आकारानं कितीतरी लहान, पण वळणाला तसाच: लोखंडी खांब, मधोमध कारंजं, मासळीचा ओला वास आणि गिऱ्हाइकाला नावानं ओळखणारे दुकानदार. नावातल्या 'इंग्लिश'ची गंमत अशी की, त्या काळी नगरपालिका इंग्रज वळणाच्या प्रोटेस्टंट मंडळींच्या हातात होती. १८४३ मध्ये जवळच दुसरा बाजार उघडला, लोकांनी त्याला 'आयरिश' म्हटलं आणि हा कायमचा 'इंग्लिश' झाला. १९८० मध्ये आगीत मोठं नुकसान झालं, पण पाडून मॉल न बांधता नगरपालिकेनं तो पुन्हा उभा केला. मंडईच्या जागी मॉल हा प्रकार ज्यांनी आपल्याकडे बघितलाय त्यांना याचं मोल कळेल. रविवारी मात्र बंद. हे लक्षात न ठेवता रविवारी सकाळी कॉर्कला उतरणारे लोक मला माहीत आहेत. त्यातली एक मीच.

बाजारात एका कोपऱ्यात तुम्हाला करड्या-तपकिरी, जाड, मऊ नळ्या दिसतील. ती ड्रिशीन: आतड्यात भरलेलं गाई-मेंढीचं रक्त. ती 'ट्राइप'बरोबर, म्हणजे वजडीबरोबर खातात. आपल्याकडे वजडी आणि रक्ती खाणाऱ्यांना हे ऐकून तोंडाला पाणी सुटेल, पण जरा थांबा. आपण त्यात कांदा, खोबरं, मिरची, मसाला घालून तिचा वास वठणीवर आणतो. कॉर्ककर ती दुधात कांद्याबरोबर शिजवतात. माझा कोल्हापूरचा मावसभाऊ दोन घास खाऊन म्हणाला, "ताई, आजारी माणसाचं जेवण आहे हे." चुकीचं नाही बोलला.

पण ही डिश इथेच का, याचं उत्तर अठराव्या शतकात आहे. दर शरद ऋतूत कॉर्कमध्ये गुरांची, आणि डुकरांचीही, प्रचंड कत्तल व्हायची. गोमांस मिठात मुरवून पिंपांत भरलं जायचं आणि ब्रिटिश नौदलाला, वेस्ट इंडीजच्या साखरेच्या मळ्यांना जायचं. साखरेच्या त्या मळ्यांवर गुलाम राबत होते, हेही कॉर्कच्या श्रीमंतीच्या हिशोबात धरावं लागतं. मांस गेलं; रक्त, आतडी, पोट, खूर मागे राहिले. त्यातूनच ड्रिशीन, वजडी आणि क्रुबीन, म्हणजे डुकराचे पाय. नाताळात इथे घरोघरी खातात ते मसाल्यात मुरवलेलं गोमांसही त्याच खारवण्याच्या धंद्याचं नातवंड. लवंग, मिरी, जायफळाचा वास येतो तेव्हा क्षणभर घरचाच गरम मसाला वाटतो.

आता लोणी. नदीच्या पलीकडे शॅनडनच्या टेकडीवर १७७० मध्ये लोण्याचा बाजार सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकात तो जगातला सगळ्यात मोठा लोणीबाजार होता. केरी आणि कॉर्कच्या डोंगरांतून शेतकरी लाकडी पिंपं घोड्यांवर लादून आणत. त्यासाठी खास रस्ते बांधले गेले, त्यांना आजही 'लोण्याचे रस्ते' म्हणतात. बाजारात तपासनीस पिंपात सळई खुपसून लोणी वर काढायचा, वास घ्यायचा, चव बघायचा आणि प्रत ठरवायचा. ती प्रत पिंपावर कोरली की भाव पक्का. सगळी मदार या तपासणीवर होती. पुढे डेन्मार्कचं एकसारखं लोणी, क्रीमरी म्हणजे यंत्रावर लोणी काढणारे कारखाने आणि मार्गारीन आलं आणि १९२४ मध्ये बाजार बंद पडला. आज तिथे लोण्याचं छोटं संग्रहालय आहे. माझ्या सासूबाई तिथे बराच वेळ एका उंच लाकडी घुसळणीसमोर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आपली रवी गोल फिरते, यांची वरखाली नाचते. कष्ट तेवढेच." डब्लिनला परतल्यावर त्यांनी बिनमिठाचं आयरिश लोणी कढवून तूप केलं. गाई वर्षातला बराच काळ कुरणात चरतात म्हणून तूप पिवळंधमक होतं, रंगावरूनच विश्वास बसतो. परतीच्या सामानात लोणी चढलं नाही, तूप चढलं.

संग्रहालयाशेजारी सेंट ॲनचं चर्च आहे. १७२२ चं. वर जाऊन घंटा स्वतः वाजवता येतात. मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी सामन मासा आहे. चार बाजूंची चार घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून गाव त्याला 'चार तोंडांचा खोटारडा' म्हणतं. मुलं खूश होतात.

शाकाहाऱ्यांसाठी कॉर्क तिघांत निःसंशय पहिलं. १९९३ पासून इथे 'पॅराडिसो' हे पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट आहे आणि तिथे भाजी म्हणजे मांस वगळून उरलेलं ताट नसतं. शिवाय १९७० च्या दशकात कॉर्कच्या पश्चिम टोकाला, बेआरा द्वीपकल्पावर एका शेतकरी घरात जास्तीच्या दुधाचं चीज करण्यापासून नव्या आयरिश चीजची सुरुवात झाली: मिलीन्स, मग डरस, गबीन. इंग्लिश मार्केटमध्ये ती सगळी कापून मिळतात. मात्र कडक शाकाहारी असाल तर रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ, प्राण्याचं की वनस्पतीचं हे विचारून घ्या, दुकानदार सांगतात. आणि ब्राउन सोडा ब्रेड. यीस्ट नाही, ताक आणि खाण्याचा सोडा. आयरिश गहू मऊ, फुगवायला कमजोर, म्हणून हा मार्ग निघाला. गरम असताना त्यावर लोणी लावलं की थालीपिठाची आठवण येते. 

कॉर्कचं आणखी एक माप जड आहे, ते म्हणजे आजूबाजूची गावं. लोकल गाडीनं पंचवीस-तीस मिनिटांत कोव्ह. १९१२ च्या ११ एप्रिलला टायटॅनिक शेवटची थांबली ती इथे. १२३ प्रवासी चढले. त्याआधी वीस वर्षं इथूनच निघालेली ॲनी मूर ही न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर नोंद झालेली पहिली परदेशी. १८४८ ते १९५० या काळात सुमारे पंचवीस लाख माणसं याच धक्क्यावरून देश सोडून गेली. खायला कोव्हमध्ये फार काही नाही, धक्क्यावर तळलेला मासा घ्या आणि समुद्राकडे तोंड करून बसा.

दुसऱ्या लोकलनं मिडल्टन. जेमसन व्हिस्कीची जुनी भट्टी पाहायला लोक जातात, तिथलं तांब्याचं भांडं जगातलं सगळ्यात मोठं. पण माझ्यासाठी मिडल्टन म्हणजे एका बागेतली नऊ पोलादी पिसं, वाडग्याच्या आकारात उभी. १८४७ मध्ये, दुष्काळाच्या सगळ्यात वाईट वर्षात, अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी १७० डॉलर गोळा करून आयर्लंडला पाठवले. स्वतः त्यांना काही वर्षांपूर्वीच त्यांच्या भूमीतून हुसकावून लावलेलं होतं. त्यांच्यासाठी हे शिल्प.

दुष्काळाचा विषय निघालाच आहे. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. इंग्लंडच्या पंतप्रधान पीलनं अमेरिकेतून मका मागवला, तो १८४६ च्या सुरुवातीला कॉर्कच्या बंदरात उतरला. कुणाला तो दळायचा, शिजवायचा कसा हे ठाऊक नव्हतं. पिवळ्या रंगावरून आणि पोटदुखीवरून लोकांनी त्याला 'पीलचं गंधक' नाव ठेवलं. आमच्या आजीनं १९७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोबद्दल, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीबद्दल, जे सांगितलं होतं ते मला इथे जसंच्या तसं आठवलं: तोंडात फिरणारी भाकरी, रांगा, खडी फोडायची कामं. आयर्लंडातही पोटासाठी खडी फोडून कुठेच न जाणारे रस्ते बांधले गेले. दोन्हींत एक फरक मोठा: इथे त्याच काळात बंदरांतून धान्य आणि लोणी बाहेर जातच होतं.

आणि राजकारणात रस असेल तर सिटी हॉलपाशी दोन मिनिटं थांबा. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० मध्ये ब्रिटिश तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून गेले. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरून भारतात शोकसंदेशाची तार आली होती.

कॉर्कजवळच्या किन्सेल गावाबद्दल एकच सांगते: देखणं आहे, महाग आहे, खाण्याचं गाव म्हणून त्याची जाहिरात पन्नास वर्षं चालू आहे. वेळ असेल तर दुपार घालवा. वेळ नसेल तर हळहळू नका. त्याऐवजी शॅनगॅरीच्या दिशेला बॅलिमलू हाउस गाठा. मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये स्वतःच्या शेतघराच्या जेवणघरात रेस्टॉरंट उघडलं. शेतात जे उगवलं आणि बंदरात जे उतरलं त्यावर रोजचा मेनू ठरायचा. आज हे सगळीकडे ऐकू येतं. त्यांनी सुरुवात केली तेव्हा आयर्लंडात 'चांगलं जेवण' म्हणजे फ्रेंच जेवण होतं.

गॉलवे, कालवांसाठी

कॉर्क पोटभर जेवू घालतं, गॉलवे चटक लावतं. मालवण-रत्नागिरी-अलिबागकडच्या माणसाला मी डोळे मिटून गॉलवेला पाठवते, कारण तिथलं दैवत आहे ऑयस्टर, म्हणजे आपली कालवं. आपल्याकडे बायका ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडतात, घरी आणून कांदा-खोबऱ्यात सुकी करतात नाहीतर आमटी. गॉलवेत ती जिवंत उघडून, बर्फावर ठेवून, लिंबू पिळून कच्ची गिळतात. पहिल्यांदा धीर होत नाही. दुसऱ्यांदा थेट समुद्राचा घोट लागतो.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर तुमचे पैसे अवलंबून आहेत. पसरट, गोल, स्थानिक जातीची कालवं गॉलवेच्या खाडीत, क्लॅरिनब्रिजच्या बाजूला, नदीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं तिथे वाढतात आणि ती सप्टेंबर ते एप्रिलच मिळतात. मे ते ऑगस्ट त्यांचा विणीचा काळ. आपल्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्याला असतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात जातात, त्यामागेही माशांच्या विणीचा हिशोब आहेच. उन्हाळ्यात गॉलवेत ताटात येतात ती लांबट, पॅसिफिक जातीची, शेतीतली कालवं. वाईट नाहीत, पण ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलात ती ती नव्हेत. सप्टेंबरअखेरीस इथे १९५४ पासून कालवांचा महोत्सव भरतो आणि कालवं उघडण्याची जागतिक स्पर्धा असते. बघायला मजा, जेवायला रांग.

गॉलवेचा इतिहास दोन बाजूंचा आहे. तटाच्या आत चौदा व्यापारी घराणी: स्पेनहून वाइन यायची, इथून कातडी आणि लोकर जायची. १५८४ ची 'स्पॅनिश आर्च' त्या धक्क्यावरची. १७५५ मध्ये लिस्बनला भूकंप झाला, त्याची लाट इथपर्यंत आली आणि कमानीचा भाग पडला. सेंट निकोलसचं चर्च १३२० चं. कोलंबस १४७७ च्या सुमारास इथे येऊन गेला असं गाव अभिमानानं सांगतं.

तटाच्या बाहेर, नदीपलीकडे, क्लाडा. गवती छपरांची, आयरिश बोलणारी कोळ्यांची वस्ती, त्यांचा स्वतःचा 'राजा'. मासे पुरुषांनी धरायचे, धक्क्यावर बायकांनी विकायचे. कोळीवाड्याचं गणित जगात सगळीकडे एकच दिसतं. दुष्काळात क्लाडाच्या कोळ्यांनी पोटासाठी जाळी आणि सामान गहाण टाकलं आणि मग समुद्र समोर असून मासे धरता येईनात. आयर्लंडला चहूबाजूंनी समुद्र असताना लोक उपाशी कसे मेले, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो; उत्तराचा एक मोठा भाग या गहाण जाळ्यांत आहे. १९३० च्या दशकात ती घरं पाडून सिमेंटची बांधली. आता क्लाडा म्हणजे दोन हातांत हृदय धरलेली अंगठी, दुकानादुकानांत.

शनिवारचा बाजार चर्चच्या भिंतीला लागून भरतो. माझ्या मते गॉलवेचं खरं जेवण इथेच, उभ्यानं. चीज, ऑलिव्ह, गरम भजीसारखं काहीबाही, आणि कागदी पिशव्यांत सुकवलेलं शेवाळ. जांभळं डिलिस्क तसंच चघळतात, खारट चिवट सुकटीसारखं. दुसरं कॅरेगीन: दुधात उकळलं की दूध आपोआप आळतं. आपल्या चायना ग्रासचाच आयरिश भाऊ. पूर्वी गरिबाघरी खोकल्यावर द्यायचे, आता महागड्या रेस्टॉरंटात 'पुडिंग' म्हणून येतं. शाकाहारी पाहुण्यांना गॉलवेत दुसरं काही खास देता आलं नाही तर मी हे देते, पण खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी हे गाव अडचणीचं. शिवाय जुन्या वळणाच्या काही चिप्सच्या दुकानांत बटाटे गाईच्या चरबीत तळतात. विचारा, लाजू नका. हे तिन्ही गावांना लागू.

गॉलवेची तक्रार गर्दीची. शुक्रवार संध्याकाळपासून लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळके, रस्त्यावर गाणी, हॉटेलात खोली नाही. जुलैअखेरीस सात दिवस घोड्यांच्या शर्यती असतात. मी एकदा ते न बघता निघाले आणि अखेर पाऊण तास बसनं लांबच्या गावात झोपायला गेले. आणि पाऊस. कोकणातला पाऊस पडून मोकळा होतो, इथला दिवसभर आडवा येत राहतो. छत्री उलटते, जाकीटच हवं.

पाऊस थांबला तर बस घेऊन रॉसाव्हील आणि तिथून बोटीनं ॲरन बेटांवर जा. दगडी बांध, आणि समुद्री शेवाळ-वाळू घालून माणसांनी तयार केलेली माती. त्या मातीत उगवलेला बटाटा चाखलात की बटाट्याबद्दलचं मत बदलेल.

जाता जाता: आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर हे डब्लिनचे, पण त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. गॉलवेत कुणी "तुम्ही कुठल्या?" विचारलं आणि मी कोकण म्हटलं, तर निम्म्या वेळा पुढचं वाक्य त्यांच्यावर येतं.

वॉटरफर्ड, पावाचं गाव

वॉटरफर्ड निवडणारे पाहुणे मला फार कमी भेटले आणि परत येऊन कुरकुरणारा एकही नाही. साठ हजार वस्ती, आपल्या एखाद्या बऱ्या तालुक्याच्या गावाएवढी. कॉर्क सव्वादोन लाखांचं, गॉलवे पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. स्टेशन नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की गाव. नदीच्या नावाचं स्पेलिंग भलतंच, उच्चार मात्र 'शूर'.

९१४ मध्ये व्हायकिंगांनी वसवलेलं हे आयर्लंडातलं सगळ्यात जुनं शहर. जुना भाग एवढा आटोपशीर आहे की रेजिनाल्ड टॉवर, मध्ययुगीन वाइनचं तळघर आणि क्रिस्टलचा कारखाना सकाळच्या चहानंतर निघून जेवणाआधी होतात. १८४८ च्या मार्चमध्ये थॉमस फ्रान्सिस मार यानं इथल्या एका खिडकीतून हिरवा-पांढरा-केशरी झेंडा पहिल्यांदा फडकवला. रंग ओळखीचे, क्रम वेगळा आणि उभा.

पण मुद्दा पावाचा. ब्ला. मऊ, चौकोनी होऊ पाहणारा गोल, वर पिठाची पांढरी पूड, शेजाऱ्याला चिकटून भाजलेला. लादी पाव बघून मोठं झालेल्या माणसाला ब्ला परका वाटूच शकत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून पळालेले ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, इथे आले आणि उरलेल्या कणकेचा हा पाव त्यांनी आणला असं सांगतात. गावात त्यांचं 'फ्रेंच चर्च' पडक्या अवस्थेत उभं आहे. आपल्याकडे पोर्तुगीजांनी पाव आणला आणि गोव्याच्या पोदेरानं तो आपला केला, तसंच. २०१३ मध्ये युरोपीय संघानं ब्लाला भौगोलिक मानांकन दिलं: वॉटरफर्ड आणि किलकेनीच्या दक्षिण भागाबाहेर केलेला पाव स्वतःला वॉटरफर्ड ब्ला म्हणवू शकत नाही. आपल्या देवगड हापूसला आहे तसंच.

गाव ब्ला खातं तो सकाळी, लोणी लावून, नाहीतर आत भाजलेले डुकराच्या मांसाचे काप किंवा 'रेड लेड' नावाचा लाल सॉसेजसारखा प्रकार घालून. हे गाव डुकराच्या मांसाच्या निर्यातीवर वाढलं. चांगले काप गेले इंग्लंडला, रेड लेड उरला कामगाराच्या डब्यात. इथूनच जहाजं खारवलेलं मांस, लोणी आणि माणसं घेऊन न्यूफाउंडलंडच्या कॉड मासेमारीला जात. आयरिश भाषेत त्या बेटाचं नाव 'मासळीचा मुलुख' असं आहे आणि तिथल्या लोकांच्या इंग्रजीत अजून वॉटरफर्डचं वळण आहे. जेकब्सची बिस्किटंही मूळची इथली, १८५१ ची.

अंडं किंवा चीज घालून ब्ला शाकाहाऱ्यालाही पोटभर होतो. तिन्ही गावांत सगळ्यात स्वस्त न्याहारी हीच.

वॉटरफर्डची दुसरी बाजू ग्रीनवे: जुन्या रेल्वेमार्गावरचा ४६ किलोमीटरचा सायकल रस्ता, डंगार्व्हनपर्यंत. चढ जवळजवळ नाही, म्हणून दहा वर्षांची मुलंही निम्मा टप्पा सहज करतात. वाटेत बोगदा, पूल आणि किलमॅकथॉमसला दुष्काळाच्या काळातलं वर्कहाउस लागतं. गरिबांना कोंडून, नवरा-बायको-मुलं वेगळी करून कण्या खायला घालणारी ही सरकारी घरं. त्याच्या आवारात आता कॉफीचं दुकान आहे. मुलांना सायकली उभ्या करून केक दिला आणि मला मात्र तो घशाखाली जाईना. डंगार्व्हनला एप्रिलमध्ये खाद्यमहोत्सव असतो. बाकी वर्षभरही छोट्या गावाच्या मानानं तिथे जेवण फार चांगलं मिळतं.

वॉटरफर्डमध्ये संध्याकाळी करायला काही नाही. आठला रस्ते रिकामे. सोमवार-मंगळवारी बरीच रेस्टॉरंटं बंद. काहींना हे वैगुण्य वाटतं.

थोडक्यात निर्णयाच्या गोष्टी

गाडी न चालवता जास्तीत जास्त बघायचं असेल तर कॉर्क. दोन लोकल मार्ग हाताशी आहेत. गॉलवेहून कोनेमारा किंवा मोहरचे कडे बघायला सहलीची बस घ्यावी लागते आणि दिवस त्यात जातो. हिवाळ्यात, साडेचारला अंधार पडतो तेव्हा, छपराखालचा बाजार असलेलं कॉर्क आणि कालवांचा हंगाम असलेलं गॉलवे दोन्ही बरी; वॉटरफर्डचा ग्रीनवे तेव्हा नको. सासू-सासरे बरोबर असतील तर कॉर्कच्या चढांचा विचार करा, शॅनडनला टॅक्सीनं जा. गाई-डुकराचं मांस वर्ज्य असेल तर तिन्हीकडे 'फुल आयरिश' न्याहारी मागवताना सावध: काळं पुडिंग म्हणजे रक्त, पांढऱ्यात रक्त नसलं तरी डुकराचं मांस असतंच. ताटातून उचलून बाजूला ठेवण्यापेक्षा आधीच सांगा.

आणि व्हिसा: आयर्लंडचा व्हिसा शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसात, येत नाही, वेगळा लागतो. लंडन जोडून करायचं असेल तर भारतीयांसाठी ब्रिटन-आयर्लंडची संयुक्त योजना आहे, पण ज्या देशानं व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं.

माझ्यावर सोपवलंत तर तीन दिवसांचे मी दोन भाग करीन: शुक्रवार-शनिवार कॉर्क, शनिवारी रात्री बसनं वॉटरफर्ड. गॉलवे वेगळ्या, सप्टेंबरातल्या फेरीसाठी राखून ठेवीन. वॉटरफर्डला रात्रीच पोचायचं कारण ब्ला पहाटे भाजतात आणि दुपारपर्यंत त्याचा मऊपणा जातो. दहाच्या गाडीनं डब्लिनहून येणाऱ्याला शिळाच मिळतो. कुठली बेकरी रविवारी उघडी आहे हे आदल्या रात्री हॉटेलात विचारा. चार-सहा ब्ला घ्या, गरम असतानाच. बटाटेवडे आणि लसणाची कोरडी चटणी मात्र घरून न्यावी लागेल.